फिरत्या अ‍ॅड हॉक जाळ्यात बॅटरी नेमकी कशावर खर्च होते?

लोलक (धागाकर्ता)

नमस्कार. गेले काही महिने मी फिरत्या उपकरणांच्या अ‍ॅड हॉक जाळ्यावर काम करतो आहे आणि एका प्रश्नापाशी अडलो आहे. ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. नेहमीच्या वायफायमध्ये मधोमध एक अ‍ॅक्सेस पॉइंट असतो, त्याला भिंतीतून वीज मिळते आणि सगळी देवाणघेवाण त्याच्यामार्फत होते. अ‍ॅड हॉक जाळ्यात असा मध्यस्थ नसतो. एकमेकांच्या पल्ल्यात असलेली उपकरणे थेट बोलतात आणि जी पल्ल्याबाहेर आहेत त्यांच्यासाठी मधली उपकरणे पॅकेट पुढे पोहोचवतात. म्हणजे प्रत्येक उपकरण स्वतःचे काम करता करता इतरांचे ओझेही वाहते, आणि हे सगळे स्वतःच्या बॅटरीवर. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी २५०१ या दस्तऐवजातही या जाळ्यांच्या ठळक वैशिष्ट्यांमध्ये मर्यादित ऊर्जेचा उल्लेख आहे.

मी आठ उपकरणे घेतली. प्रत्येकात जुन्या ८०२.११बी पद्धतीचे वायफाय कार्ड आणि सारख्या क्षमतेची नवी बॅटरी होती. पॅकेट पाठवण्यासाठी एकूण प्रक्षेपणशक्ती कमीत कमी लागेल तो मार्ग निवडायचा, असे सूत्र मी राउटिंगमध्ये घातले. जवळजवळ सगळी पॅकेटे ज्या मधल्या उपकरणावरून जात होती ते सर्वांत आधी बंद पडेल, आणि एका टोकाला ठेवलेले, फारसे काही न पाठवणारे उपकरण बराच काळ तग धरेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही जवळपास एकाच सुमारास बंद पडली. बॅटऱ्यांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा केला, तरी तेच झाले.

जे उपकरण काहीच करत नव्हते, त्याची वीज गेली कुठे? आणि प्रक्षेपणाची शक्ती वाचवणाऱ्या मार्गांवर जे एवढे लिहिले गेले आहे, त्याचा मग उपयोग काय?

विजेरी

लोलक, तुमच्या बॅटरीत दोष नाही आणि मोजणीतही नसावा. टोकाचे उपकरण काहीच करत नव्हते, हे गृहीतक तेवढे चुकले आहे. ते सतत ऐकत होते.

लॉरा मारी फीनी आणि मार्टिन निल्सन यांनी २००१ साली ल्युसेंटच्या वेव्हलॅन कार्डाचा विद्युतप्रवाह प्रत्यक्ष मोजून प्रसिद्ध केला. ११ मेगाबिटच्या कार्डाचे आकडे असे होते: झोपेत १० मिलिअँपिअर, नुसते ऐकत ताटकळताना १५६, पॅकेट घेताना १९० आणि पाठवताना २८४. व्होल्टता ४.७४ धरली की झोपेत सुमारे ४७ मिलिवॉट, ताटकळताना ७३९, घेताना ९०१ आणि पाठवताना १३४६ मिलिवॉट शक्ती लागते. ताटकळणे आणि पाठवणे यांत दुपटीचाही फरक नाही, पण ताटकळणे आणि झोपणे यांत पंधरा पटींहून जास्त फरक आहे.

आता हे तुमच्या प्रयोगाला लावून पाहा. समजा, मधले उपकरण दर सेकंदाला १५०० बाइटचे एक पॅकेट पाठवते. १२,००० बिट ११ मेगाबिटच्या वेगाने जायला १.१ मिलिसेकंद लागतात. ताटकळण्याच्या तुलनेत पाठवण्याला ६०७ मिलिवॉट जास्त लागतात, म्हणजे त्या पॅकेटचा जादा खर्च ०.६६ मिलिज्यूल झाला. तेच पॅकेट आधी शेजाऱ्याकडून घ्यावे लागले असेल तर आणखी ०.१८ मिलिज्यूल धरा. त्याच एका सेकंदात नुसते ताटकळण्याचा खर्च ७३९ मिलिज्यूल आहे. पॅकेटच्या आधीची जुळवणीची बिटे आणि पोचपावती धरूनही जादा खर्च एक टक्क्यापर्यंत पोहोचत नाही. सेकंदाला शंभर पॅकेटे पुढे पाठवली, तरी तो साधारण ८४ मिलिज्यूल होतो. तुमची दोन्ही उपकरणे एकाच सुमारास बंद पडणे हे या आकड्यांशी अगदी सुसंगत आहे.

ऐकण्याला एवढी वीज का लागते, हेही समजून घ्यायला हवे. पॅकेट कधी येईल हे रेडिओला आधी माहीत नसते. त्यामुळे अँटेनामागचा अ‍ॅम्प्लिफायर, वारंवारता निर्माण करणारा ऑसिलेटर, संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग आणि पॅकेटची सुरुवात ओळखणारे परिपथ हे सगळे अखंड चालू ठेवावे लागतात. पॅकेट आले काय आणि न आले काय, यांतला बहुतेक भाग तेवढीच वीज घेतो. ७३९ मिलिवॉटने चोवीस तासांत १७.७ वॉट-तास होतात, आणि ३.८५ व्होल्टची ४००० मिलिअँपिअर-तासांची फोनची बॅटरी एकूण १५.४ वॉट-तासच साठवते. म्हणजे असे एकटे कार्ड, एकही पॅकेट न पाठवता, ती बॅटरी एका दिवसाच्या आत संपवेल.

तरंगलांबी

विजेरी यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो एका विशिष्ट कार्डाचा आहे आणि त्यावरून सगळ्या रेडिओंबद्दल निष्कर्ष काढताना सावध राहायला हवे. सेन्सर जाळ्यांत पुष्कळ वापरली गेलेली चिपकॉनची सीसी२४२० ही चिप पाहा. तिला शून्य डीबीएमवर, म्हणजे १ मिलिवॉट शक्तीने, पाठवताना १७.४ मिलिअँपिअर लागतात आणि घेताना १८.८. इथे तर ऐकणे हे बोलण्याहूनही महाग आहे. उलट लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या लोरा पद्धतीच्या एसएक्स१२७६ या चिपला २० डीबीएमवर, म्हणजे १०० मिलिवॉट शक्तीने, पाठवताना १२० मिलिअँपिअर लागतात आणि घेताना साधारण ११. तिथे पाठवणे जवळपास अकरा पट महाग पडते, आणि लांब पल्ल्यासाठी वेग अगदी कमी ठेवला तर वीस बाइटचा संदेशही हवेत एक सेकंदाहून जास्त काळ राहतो.

हा फरक येतो तो शक्तिवर्धकामुळे. अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती काही मिलिवॉट असेल, तर चिपच्या उरलेल्या परिपथांचाच खर्च मोठा ठरतो. ती शंभर मिलिवॉटच्या घरात गेली की शक्तिवर्धक सगळ्यांना मागे टाकतो. म्हणून कोणत्याही जाळ्याबद्दल बोलताना आधी त्या रेडिओचे चारही आकडे समोर असावेत, असे मला वाटते. त्यांच्याशिवाय होणारी चर्चा हवेतली राहते.

विजेरी

तरंगलांबी, सूचना मान्य आहे. पण तुमच्याच उदाहरणाचा हिशेब पुढे नेऊ या, कारण त्यातून फार बोलके काही निघते. लोराच्या सर्वांत संथ वेगांपैकी एक, म्हणजे १२५ किलोहर्ट्झ रुंदी आणि १२ चा स्प्रेडिंग फॅक्टर (हा आकडा जितका मोठा तितका वेग कमी) घेतला, तर वीस बाइटच्या संदेशाला सुमारे १.३ सेकंद लागतात. १२० मिलिअँपिअरने १.३ सेकंद म्हणजे ११ मिलिअँपिअरने सुमारे १४ सेकंद. पाठवणे अकरा पट महाग असूनही एका संदेशाची किंमत १४ सेकंद ऐकण्याइतकीच आहे. दर दहा मिनिटांना एक संदेश पाठवणारे उपकरण उरलेला वेळ कान उघडे ठेवून बसले असेल, तर त्याचा ऐकण्याचा खर्च पाठवण्याच्या चाळीस पटींहून जास्त होईल. महत्त्व नुसत्या गुणोत्तराला नाही, ते गुणोत्तर आणि उपकरण किती वेळ बोलते यांच्या गुणाकाराला आहे.

नवशिका

एक प्राथमिक प्रश्न विचारतो. लांब एकाच उडीऐवजी जवळजवळच्या अनेक उड्यांनी पॅकेट पोहोचवले तर वीज वाचते, असे मी वाचले आहे, कारण लागणारी शक्ती अंतराच्या वर्गाने किंवा चौथ्या घाताने वाढते. हे खरे आहे का? खरे असेल तर शक्य तितक्या लहान उड्या घेणेच योग्य नव्हे का?

सूक्ष्मदर्शी

हा प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. संशोधनातही या ठिकाणी बरीच घसरण झाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साध्या भूमितीच्या आधारे विचार करू. मोकळ्या अवकाशात संकेत अंतराच्या वर्गाने क्षीण होतो आणि जमिनीलगत, परावर्तित लहरी थेट लहरींना छेद देत असल्यामुळे, दूर अंतरावर चौथ्या घाताने. तेवढेच पाहिले तर अंतर निम्मे केल्यावर एका उडीची शक्ती चौथाई किंवा सोळांश होते आणि उड्या दोनच होतात, म्हणजे फायदाच फायदा. पण प्रत्येक उडीत पाठवणाऱ्याचे परिपथ चालतात आणि घेणाऱ्याचेही, आणि हा खर्च अंतरावर अवलंबून नसतो.

वेंडी हाइन्झलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सेन्सर जाळ्यांतल्या लीच या राउटिंग पद्धतीसाठी वापरलेले प्रतिमान घेऊ. त्यात परिपथांना दोन्ही बाजूंना दर बिटला ५० नॅनोज्यूल आणि शक्तिवर्धकाला दर बिटला, दर चौरस मीटरला १०० पिकोज्यूल धरले आहेत. १०० मीटरचे अंतर थेट पार केले तर दर बिटला ११०० नॅनोज्यूल लागतात. ५० मीटरच्या दोन उड्या घेतल्या तर ७००. तीन उड्यांना ६३३, चारांना ६५०, पाचांना पुन्हा ७००. आणि १० मीटरच्या दहा उड्या घेतल्या तर? बरोबर ११००, म्हणजे थेट पाठवण्याइतकेच. या आकड्यांनुसार सर्वांत काटकसरीची उडी सुमारे ३२ मीटरची ठरते. त्याहून लहान उड्या घेणाऱ्याची बचत कमी होत जाते, आणि दहाच्या पुढे गेल्यावर तोटा सुरू होतो.

शिवाय या हिशेबात तीन गोष्टी धरलेल्याच नाहीत. प्रत्येक उडीला माध्यम मिळवण्यासाठी थांबणे, पोचपावती आणि संकेतांच्या टक्करी हा वेगळा खर्च असतो. दुसरे म्हणजे, पल्ल्यात असलेली त्रयस्थ उपकरणेही ते पॅकेट ऐकतात, निदान सुरुवात तरी ऐकतात, आणि मग टाकून देतात. दाट जाळ्यात एका पॅकेटमागे अशी दहा उपकरणे असली, तर त्या दहांचा खर्च पाठवणाऱ्याच्या खर्चाहून मोठा होतो. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. शक्ती कमी करून बोलणाऱ्याचा आवाज थोड्याच शेजाऱ्यांना ऐकू जातो. ज्यांना तो ऐकू जात नाही त्यांना माध्यम मोकळे वाटते आणि ते मोठ्या आवाजात बोलू लागतात. मग टक्कर होते, पॅकेट पुन्हा पाठवावे लागते आणि वाचवलेली वीज परत जाते. युन-सुन जुंग आणि नितिन वैद्य यांनी २००२ साली नेमका हाच दोष दाखवला. आरटीएस आणि सीटीएस (माध्यम राखून ठेवण्याची छोटी विनंती आणि तिला मिळणारा होकार) पूर्ण शक्तीने व माहिती कमी शक्तीने पाठवण्याची तोवरची सरळ पद्धत पुष्कळदा तोट्याची ठरते, हे लक्षात आणून देऊन त्यांनी माहिती पाठवतानाही दर १९० मायक्रोसेकंदांनी क्षणभर शक्ती पूर्ण वाढवण्याचा उपाय सुचवला, जेणेकरून दूरच्या शेजाऱ्यांना माध्यम व्यापलेले आहे हे कळत राहील.

वाटसरू

आतापर्यंतची चर्चा एकूण किती वीज गेली याभोवती फिरते आहे. माझ्या मते अ‍ॅड हॉक जाळ्यात त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा आहे की, ती कोणाच्या बॅटरीतून गेली. सगळ्या उपकरणांत मिळून भरपूर ऊर्जा शिल्लक असली, पण दोन भागांना जोडणारे एकच उपकरण बंद पडले, तर जाळे दुभंगते आणि बाकीच्यांची शिल्लक निरुपयोगी ठरते.

सुरेश सिंग, माइक वू आणि सी. एस. राघवेंद्र यांनी १९९८ साली मॉबिकॉम परिषदेत हा मुद्दा स्पष्टपणे मांडला. दर पॅकेटमागची ऊर्जा कमीत कमी करणे हा त्यांच्या पाच निकषांपैकी फक्त एक होता. जाळे दुभंगेपर्यंतचा काळ वाढवणे आणि उपकरणांच्या शिल्लक शक्तीतील तफावत कमी ठेवणे हेही त्यांत होते. पुढे २००१ साली सी. के. तोह यांनी एक तडजोड सुचवली, जी मला आजही सर्वांत समंजस वाटते. ज्या मार्गावरील प्रत्येक उपकरणाची शिल्लक एका ठरावीक मर्यादेच्या वर आहे, अशा मार्गांतून कमीत कमी शक्तीचा मार्ग निवडायचा. असा एकही मार्ग उरला नाही, तर ज्याचे सर्वांत दुबळे उपकरण इतर मार्गांच्या दुबळ्या उपकरणांहून सशक्त आहे, तो मार्ग घ्यायचा. सुरुवातीला काटकसर आणि शेवटी समन्याय, असा तो क्रम आहे.

यासाठी नवा प्रोटोकॉल लिहावाच लागतो असेही नाही. ऑक्टोबर २००३ च्या आरएफसी ३६२६ मधील ओएलएसआर या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक उपकरण इतरांची पॅकेटे वाहून नेण्याची आपली तयारी ० ते ७ या अंकांत जाहीर करते. ० म्हणजे कधीही नाही, ७ म्हणजे नेहमी आणि न सांगितल्यास ३. बॅटरी जसजशी उतरेल तसतसा हा अंक कमी करत नेला, तर शेजारी आपोआप दुसऱ्यांना मध्यस्थ निवडू लागतात. मानकात ही सोय तयारच आहे.

एक इशाराही द्यायचा आहे. अनेक लेखांत जाळ्याचे आयुष्य म्हणजे पहिले उपकरण बंद पडेपर्यंतचा काळ, अशी व्याख्या असते. ती हिशेबाला सोपी आहे, पण पन्नास उपकरणांतले टोकाचे एक बंद पडले तर जाळ्याचे फारसे बिघडत नाही. आपल्या कामासाठी कोणते तुटणे असह्य आहे, ते आधी ठरवावे आणि मग व्याख्या निवडावी.

विजेरी

वाटसरू, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण लोलक यांच्या जाळ्यात त्याचा परिणाम किती होईल ते पाहा. मार्ग बदलून आपण फक्त पॅकेटे वाहण्याचा खर्च एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेतो. तो खर्च एकूण खर्चाच्या एक ते दहा टक्के असेल, तर उत्तम राउटिंग केले तरी त्या मर्यादेतच बचत होणार. ताटकळण्याचा खर्च आधी खाली आणला, म्हणजे उपकरणे झोपू लागली, तरच पॅकेटे वाहण्याचा वाटा मोठा होतो आणि तुम्ही म्हणता तो समन्याय निर्णायक ठरतो. माझ्या मते क्रम तोच असायला हवा.

पहारेकरी

झोपेचा विषय निघालाच आहे, तर अडचण कुठे आहे ते सांगतो. अ‍ॅक्सेस पॉइंट असलेल्या जाळ्यात झोपणे सोपे आहे, कारण जागे राहून इतरांची पॅकेटे सांभाळणारा कोणीतरी असतो. अ‍ॅड हॉक जाळ्यात सगळेच झोपले तर कोणाचे पॅकेट कोण सांभाळणार?

८०२.११ मानकात अ‍ॅड हॉक पद्धतीसाठी यावर एक उपाय दिलेला आहे. सगळी उपकरणे ठरलेल्या कालावधीने, बहुधा दर १०२.४ मिलिसेकंदांनी, एकाच वेळी जागी होतात आणि एटीआयएम नावाच्या छोट्या खिडकीपुरती जागी राहतात. ज्याला कोणाला काही पाठवायचे आहे तो त्या खिडकीत तसे कळवतो. ज्यांची नावे निघतात ते पुढच्या खिडकीपर्यंत जागे राहतात आणि बाकीचे झोपतात. विजेरी यांचेच आकडे घेऊन खिडकी २० मिलिसेकंदांची धरली, तर ज्याला काहीच काम नाही अशा उपकरणाची सरासरी शक्ती ७३९ वरून सुमारे १८३ मिलिवॉटवर येते, म्हणजे आयुष्य चौपट होते. राउटिंगमध्ये कितीही सुधारणा केली तरी एवढी बचत मिळणार नाही.

पण यासाठी सगळ्यांची घड्याळे जुळलेली हवीत. सगळे एकमेकांच्या पल्ल्यात असतील तोवर ती जुळतात. अनेक टप्प्यांच्या जाळ्यात एकाचा बीकन, म्हणजे घड्याळे जुळवणारा संदेश, सगळ्यांपर्यंत जात नाही, आणि दोन गट वेगळे होऊन काही काळाने पुन्हा भेटले तर एक गट जागा असताना दुसरा झोपलेला असू शकतो. मग शेजारी शेजारी असूनही त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. वेळेचाही प्रश्न आहे. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या खिडकीची वाट पाहावी लागल्याने पाच टप्प्यांचे पॅकेट अर्धा सेकंद घेऊ शकते. निरोपासाठी ते चालेल, संभाषणासाठी नाही.

दुसरी वाट २००१ साली दोन गटांनी दाखवली. गॅफ या पद्धतीत उपकरणे स्थानानुसार चौकोनांत विभागतात. चौकोनाची बाजू रेडिओच्या पल्ल्याला पाचाच्या वर्गमुळाने भागून येते त्याहून मोठी नसेल, तर एका चौकोनातले कोणतेही उपकरण लगतच्या चौकोनातल्या कोणाशीही बोलू शकते. २५० मीटर पल्ल्याला ही बाजू सुमारे ११२ मीटर येते. मग प्रत्येक चौकोनात एकाने जागायचे, इतरांनी झोपायचे आणि पाळी बदलत राहायची. एमआयटीतल्या स्पॅन या पद्धतीत स्थान कळण्याची गरज नाही. माझे दोन शेजारी एकमेकांपर्यंत थेट किंवा जागत्या उपकरणांमार्फत पोहोचू शकत नसतील तर मी जागा राहीन, असा प्रत्येकाचा स्वतंत्र निर्णय असतो आणि जास्त बॅटरी असलेला आधी पुढे येतो. वाटसरू यांना अपेक्षित असलेला समन्याय इथे झोपेच्या पाळीतच आला आहे.

दोन्ही पद्धतींना उपकरणे दाट असावी लागतात. लोलक यांच्या आठ उपकरणांपैकी बहुतेक जण एखाद्या मार्गाचा एकमेव दुवा असतील, तर झोपायला फारसे कोणी मोकळे राहणार नाही.

नवशिका

शेजारी कोण आहेत हे कळण्यासाठी राउटिंगचे प्रोटोकॉल सतत जे हॅलो संदेश पाठवतात, त्यांचा खर्च कोणी धरला आहे का?

सूक्ष्मदर्शी

धरायला हवा, पण योग्य खात्यात. ओएलएसआर दर दोन सेकंदांनी हॅलो आणि दर पाच सेकंदांनी जाळ्याच्या रचनेची माहिती पाठवतो. एओडीव्ही या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आरएफसी ३५६१ मध्ये, हॅलोचा कालावधी एक सेकंदाचा आहे, पण चालू मार्गात सहभागी असलेल्यानेच तो पाठवावा असे तिथे म्हटले आहे. शंभर बाइटचा हॅलो १ मेगाबिटच्या वेगाने गेला तरी एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ घेतो. पाठवण्याची किंमत म्हणून ते नगण्य आहे. खरी किंमत अशी की, ब्रॉडकास्ट संदेश कोणा एकासाठी नसल्याने तो ऐकण्याकरिता सगळ्यांनाच जागे राहावे लागते. पहारेकरी यांनी सांगितलेल्या पद्धतीत एकाने खिडकीत ब्रॉडकास्टची सूचना दिली की त्याचे सगळे शेजारी तो पूर्ण कालावधी जागेच राहतात. दहा शेजाऱ्यांनी दर सेकंदाला वेगवेगळ्या वेळी हॅलो पाठवले, तर झोपेला जागाच उरत नाही.

मार्ग शोधताना सगळ्या जाळ्यात पसरणारी विचारणा याहून वाईट. १९९९ साली ब्रॉडकास्ट वादळावर प्रसिद्ध झालेल्या निबंधात भूमितीने दाखवून दिले आहे की, एखाद्याने ऐकलेला संदेश पुन्हा उच्चारला तर नवे क्षेत्र जास्तीत जास्त ६१ टक्के आणि सरासरी ४१ टक्केच व्यापले जाते. तोच संदेश चार वेळा ऐकल्यावर उच्चारला तर ही भर पाच टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून प्रत्येकाने थोडा वेळ थांबून, किती शेजाऱ्यांकडून तो ऐकू आला ते मोजून मग ठरवावे. एओडीव्हीतील शोधाचे वर्तुळ टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोयही याचसाठी आहे. १, ३, ५, ७ अशा टप्प्यांपर्यंत आधी शोधायचे आणि तरीही मार्ग न मिळाल्यास सगळ्या जाळ्याला विचारायचे.

तरंगलांबी

एक धोका नोंदवून ठेवतो. फ्रँक स्टाजानो आणि रॉस अँडरसन यांनी १९९९ मध्येच लिहिले होते की, अशा उपकरणावर हल्ला करण्यासाठी त्याचे गुपित फोडण्याची गरज नाही, त्याला झोपू दिले नाही की पुरे. सतत निरर्थक विचारणा करून बॅटरी संपवता येते. झोपेवर आधारलेली कोणतीही रचना करताना, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपण किती वेळ जागे राहणार, याला मर्यादा घातलेली असावी.

वाटसरू

लोलक, सिम्युलेशनही करणार असाल तर एक चूक टाळा. एनएस-२ या जाळ्यांच्या सिम्युलेटरमध्ये २५० मीटर पल्ल्यासाठी ०.२८१८ वॉट ही प्रक्षेपणशक्ती वापरली जाते. ती अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती आहे. तोच आकडा कार्ड बॅटरीतून घेते ती शक्ती म्हणून लिहिला आणि ताटकळण्याची शक्ती शून्य ठेवली, तर आलेखात नव्या राउटिंगची बचत फार मोठी दिसते आणि खऱ्या उपकरणावर ती कुठेच सापडत नाही. अशा आलेखांवर मी स्वतः बराच काळ विश्वास ठेवला होता.

लोलक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. माझ्याकडे नेमकी हीच चूक झाली होती. मी सिम्युलेशनमध्ये ताटकळण्याची शक्ती शून्य ठेवली होती आणि म्हणूनच प्रयोगाकडून तशी अपेक्षा धरली होती.

आता पुढचा क्रम असा ठरवला आहे. आधी माझ्या कार्डाचे चारही आकडे मी स्वतः मोजणार. मग राउटिंगला हात न लावता फक्त झोपेची खिडकी चालू करून आठही उपकरणांचे आयुष्य नोंदवणार. त्यानंतर हॅलोच्या वेळा खिडकीशी जुळवणार, म्हणजे सगळ्यांचे हॅलो एकाच कालावधीत जातील आणि बाकीचे कालावधी झोपेला मोकळे राहतील. तोह यांची मर्यादेची पद्धत सर्वांत शेवटी. प्रवाह मोजण्यासाठी माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. तो पुरेल का?

विजेरी

हॅलो एकत्र आणण्याची कल्पना चांगली आहे. फक्त सगळे एकाच क्षणी बोलायला उठणार नाहीत यासाठी प्रत्येकाला थोडा यादृच्छिक विलंब द्या.

मल्टिमीटर पुरणार नाही. तो सेकंदाला मोजकीच वाचने घेतो आणि तुमचे पॅकेट १.१ मिलिसेकंदात संपते, त्यामुळे तुम्हाला फक्त सरासरी दिसेल आणि कोणती अवस्था किती खाते ते कळणार नाही. पुरवठ्याच्या तारेत ०.१ ओहमचा अचूक रोध जोडा आणि त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टता ऑसिलोस्कोपवर पाहा. पाठवताना सुमारे २८ मिलिव्होल्ट दिसतील आणि झोपेत फक्त १, म्हणून मध्ये एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर लागेल. वाचन सोपे व्हावे म्हणून १ ओहमचा रोध घेण्याचा मोह होईल, पण मग पाठवताना कार्डाला ०.२८ व्होल्ट कमी मिळतील आणि तुम्ही मोजाल ते कार्ड आणि तुम्ही वापराल ते कार्ड वेगळे असेल. २० मायक्रोसेकंदांना एक तरी नमुना घ्या, म्हणजे पॅकेटच्या आधीची १९२ मायक्रोसेकंदांची जुळवणीची बिटेसुद्धा वेगळी ओळखता येतील. आकडे मिळाले की इथेच टाका, ताटकळण्याचा आकडा सर्वांत आधी.